सादळ

एकोणीस वर्षं मी पगारावर चिवडा खाते.
भोसरीत, शेडच्या वरच्या मजल्यावर,
जिथे एका कपाटात बारमाही कोकण असतं
आणि दुसऱ्यात मे महिन्यातलं नागपूर.
पाकिटं त्यांत ठेवायची, रोज एक फोडायचं,
डोळे मिटून चावायचं, आवाज ऐकायचा.
फॉर्मवर रकाना आहे: आर्द्रता, टक्के.
तिथे मी आकडा लिहिते
आणि शेजारी, पेन्सिलीने, खरं काय ते:
कुरकुरीत. कुरकुरीत. बरा. सादळला.

जुनं पाकीट सादळू देत नसे.
आत चांदी, बाहेर लाल-पिवळा तोरा,
मध्ये काय काय चिकटवलेलं देव जाणे.
एकशेवीस दिवस पोह्यांना पत्ता नसायचा
बाहेर कोणता ऋतू आहे याचा.

पाकिटाला स्वतःला मुदत नव्हती.
हे मला चांगुणाने दाखवलं.

कंपनीने बोलावलं होतं कचरा वेचणाऱ्या चौघींना
वारज्याच्या शेडवरून, रिक्षाभाडं देऊन.
पडद्यावर हिरवं पान गोल गोल फिरत होतं.
सौमित्र म्हणाला, शाश्वतता.
चांगुणाने पिशवीतून आमचंच पाकीट काढलं,
मुठेच्या गाळातलं, धुऊन-पुसून,
शेजारणीचा डबा परत करावा तसं.
किंमत पाच रुपये. साल दोन हजार नऊ.
बॅच नंबर माझ्या पाळीतला.
"भंगारवाला शिवत नाही याला," ती म्हणाली.
"पत्रा नाही, कागद नाही, धड प्लास्टिकपण नाही.
आईबापच नाहीत."

मग कागदी पाकीट आलं.
यल्लप्पाच्या मशीनवर तीन दिवस नुसतं फाटत राहिलं,
तो खाली कानडीत शिव्या मोजत होता
आणि मी वर दिवस.
बाविसाव्या दिवशी, कोकणच्या कपाटातला घास,
दातांखाली काहीच झालं नाही.

बेहेरेसाहेबांनी बोलावलं.
मूठभर तोंडात टाकला, चावला,
म्हणाले, स्वीकार्य लिहा.
मी म्हटलं, सर,
तुम्ही अजून चावताय.

तेव्हा मुदत एकवीस दिवसांवर आली
आणि शेऱ्यातली माझी एक ओळ
पाकिटाच्या पाठीवर छापून आली, नावाशिवाय:
सादळल्यास कढईत मंद आचेवर दोन मिनिटं परतावा.

नारायण पेठेतल्या दुकानदाराने
चष्मा कपाळावर चढवून ती वाचली.
"म्हणजे आता कढई मी ठेवायची?"
दोन खोकी आली तशी परत.
नऊ दुकानांनी ठेवला माल. नऊच.
पलीकडच्या शेडमध्ये चंदेरी रीळ अजून फिरतंय
तिन्ही पाळ्या;
कागदाला आठवड्यातून दोन.
हे हिरव्या पानाच्या पडद्यावर नसतं,
म्हणून इथे लिहिते.

गेल्या मंगळवारी चांगुणाचा फोन.
तेलकट कागद रद्दीतही जात नाही,
हे आधी ऐकवलं, दोनदा.
सात किलो भरला आणि भाव शून्य,
तुमच्या साहेबाला सांगा.
मग म्हणाली, पाच-सहा पाकिटं
शेडमागच्या खतात पुरली होती,
काल फावडं घालून बघितलं.
"काय निघालं?"
"काही नाही."
मागे कुणीतरी काच ओतत होतं पोत्यात.
"एक शेंगदाणा सापडला. तळलेला होता बाई,
नाहीतर उगवला असता."

फॉर्मवर याला रकाना नाही.
समासात जागा होती बोटभर.
पेन्सिलीने लिहिलं: काही नाही.
आणि खाली, रोजच्यासारखी,
तारीख, सही.